देवालाही मसुदा जोडून द्यायचो

फाइल दुपारी परत आली. माझ्या सहा पानी अर्जाच्या समासात हिरव्या शाईने दोनच शब्द होते: 'प्लीज स्पीक'. हिरवी शाई म्हणजे आमच्या जॉइंट सेक्रेटरी मॅडम. आणि प्लीज स्पीक म्हणजे, लिहिणं पुरे, समोर येऊन बोला.

मी तेव्हा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होतो. बदली निघाली होती शिलाँगला, दोन वर्षांसाठी. ती रद्द व्हावी म्हणून मी नोकरीभराचं कसब पणाला लावलं होतं. नोटिंग, म्हणजे फाइलवरची टिपणी, ही माझी खासियत. निर्णय साहेबांचा असतो, पण टिपणी अशी लिहायची की साहेबांना आपल्याला हवा तोच निर्णय सुचावा. सोबत डीएफए लावायचा, म्हणजे मंजुरीच्या पत्राचा तयार मसुदा. साहेबांनी फक्त सही करायची.

मी केबिनमध्ये गेल्यावर मॅडमनी पानं उलटली.

"साळवेजी, कोर्ट केस पेंडिंग, स्टाफ की कमी, बेटी की बारहवीं. और बदली रद्द करने का ऑर्डर भी आपने खुद ड्राफ्ट कर दिया?"

"जी मॅडम. आपका टाइम बचेगा."

"मेरा टाइम छोड़िए. आप जाना क्यों नहीं चाहते?"

"मॅडम, पॅरा चार में..."

"पॅरा नहीं. आप बताइए."

खरं कारण एकाही पॅऱ्यात नव्हतं. चौपन्न वर्षांच्या माणसाने ते लिहायचं तरी कसं? शेवटी तोंडातून निघालं, "डर लगता है, मॅडम. कभी अकेला रहा नहीं. चाय तक बनानी नहीं आती."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अब समझी. सोमवार को बताती हूँ."

दिल्लीतल्याच द्वारका भागात घरी येऊन बायकोला, रूथला, सगळं सांगितलं. ती मात्र पोट धरून हसली.

"अहो, तुम्ही प्रार्थनाही अशीच करता."

"म्हणजे?"

"रोज ऐकते ना मी. आधी देवाला विषय सांगता, मग कारणं. मग त्याने काय करावं, कोणामार्फत करावं, कधीपर्यंत करावं. त्याने नुसती सही करायची."

मला राग आला, कारण तिचं खरं होतं. आमच्या घरात तीन पिढ्या प्रार्थना चालत आलेली, आणि मी देवालाही डीएफए लावत होतो.

मग येशूची गेथशेमाने बागेतली प्रार्थना आठवली. मरण समोर आहे. तो सोबत्यांना सरळ सांगतो की जीव कासावीस झालाय, माझ्यासोबत जागे राहा. ते झोपी जातात. इथे मला आमचा सेक्शन आठवला. मग तो पालथा पडून बापाला विनवतो, जमलं तर हे टळू दे. आणि लगेच, पण तुझ्या मनात असेल तेच होऊ दे. अ‍ॅनेक्शर नाही, जुने दाखले नाहीत. पुन्हा पुन्हा तेच मागतो, म्हणजे रिमाइंडर चालतात. पण जी भीती मी सहा पानांखाली दडपली होती, ती त्याने आधीच बोलून टाकली होती. देवाचा पुत्र असून त्याला लाज वाटली नाही, आणि मला सेक्शन ऑफिसर असून वाटत होती.

जेवणाआधीची प्रार्थना माझ्याकडे असते. मी म्हटलं, "बापा, मला जायचं नाही. भीती वाटते. तरी तुझी इच्छा असेल तसं. आमेन."

बारावीतली आमची जुई अजून डोळे मिटूनच बसली होती. "पप्पा, बस? हो गया?"

"झालं."

"यार, आज भाजी गरम मिळणार."

सोमवारी मॅडमनी बोलावलं. "बदली नहीं रुकेगी. बेटी के एग्ज़ाम के बाद जॉइन कीजिए. तब तक चाय सीख लीजिए."

येशूचंही टळलं नव्हतं. माझी तर नुसती बदली होती.

शिलाँगला गेलो. मसुदा लावणं ऑफिसपुरतं ठेवलं. भीती काही लगेच गेली नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवायचो आणि पाणी उकळेपर्यंत बापाशी तिच्याबद्दल बोलायचो. त्याहून जास्त वेळ कधी लागला नाही.