साहेबांचं पाणी

आयुष्यभर भिलाईच्या स्टील प्लांटच्या भट्टीवर लोखंड वितळवणारा माणूस रिटायर झाल्यावर टाकीभर पाणी थंड ठेवण्यासाठी जिवाचं रान करील, असं आमच्या खुर्सीपार वस्तीत कुणाला वाटलं नव्हतं. शेजारच्या भट्टीमामांनी ते करून दाखवलं! लेक पिंकी नोकरीला बंगळूरला गेली आणि जाताना आपला अ‍ॅक्सोलॉटल बापाच्या गळ्यात मारून गेली. म्हणजे पाण्यात राहणारा, पालीएवढा, गुलाबी कल्ल्यांचा, सदा हसरा प्राणी. उकाडा त्याला मुळीच सोसत नाही, आणि मुक्काम भिलाईत.

मामांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. म्हणत, "थंडाव्यात बसते, काम काई करत नाही, अन् कोनी आलं का हसते. दुसरं काय नाव ठेवू?"

साहेबांची बडदास्त कडक. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, क्लोरीन उडू द्यायचं, मग थोडंच जुनं काढून तेवढंच नवं घालायचं. घाण रबरी पिचकारीने अलगद उचलायची. तळाला खडे नाहीत. साहेब खडेही गिळत. दुपारी टाकीत बर्फाची बंद बाटली आणि वरून टेबलफॅन.

"माह्यावर कधी पंखा धरला का या मानसानं?" मामी मला साक्षीला धरत.

"तू हसतच नाही तं," मामा म्हणत.

भर मे महिन्यात भंडाऱ्याला सख्ख्या पुतण्याचं लग्न निघालं. मामी एकट्या गेल्या. फोनवर भाऊ कडाडला, "दादा, एका पालीसाठी लग्न सोडून राहिला?"

"पाल नाही, साहेब हाय," मामांनी दुरुस्ती केली.

दिवाळीत पिंकी आली, ती साहेबांना न्यायलाच. "पप्पा, वहाँ गरमी कम है. इथं पुढचा उन्हाळा नाही निघणार त्याचा."

मामांचा चेहरा उतरला. पण म्हणाले, "बराबर हाय."

प्लांटमध्ये पुढच्या शिफ्टचा माणूस सगळं नीट समजून घेईपर्यंत कुणी जागा सोडत नसे. मामांनी पिंकीला तसंच टाकीसमोर उभं केलं. पाणी, पिचकारी, खायला घालायची गांडुळं, सगळं सांगितलं. "आता तू सांग." तिने हसत सांगितलं. "पुन्हा सांग." या वेळी ती हसली नाही.

"घेतला चार्ज, पप्पा."

थर्माकोलची पेटी घेऊन गाडी गेली. चार्ज दिला की माणूस घरी जातो. मामा घरीच होते, ही मोठी पंचाईत. जरा वेळ दारात घुटमळले, मग त्यांनी चपला घातल्या.

"कुठी निघाले?" मामींनी विचारलं.

मामा दोन पावलं गेले, परत फिरले. मामींनी पदर सारखा केला आणि आपल्याही चपला शोधायला लागल्या.