पाच व्होल्टची मोटर

मोटरच्या लेबलवर पाच व्होल्ट लिहिलं होतं आणि मी तिच्यासाठी छत्तीस व्होल्टचा पॉवर सप्लाय निवडला होता. एवढ्यावरून माझं कामाचं बेंच गेलं.

बंगळुरूजवळ बोम्मसंद्रातल्या त्या लहान कारखान्यात पाकिटं भरायची यंत्रं तयार होत. हे यंत्र कॉफी पावडरचं होतं. स्टेपर मोटर छापील प्लॅस्टिक एका पाकिटापुरतं ओढायची, थांबायची, मग सुरी पडायची. डिझाइनमध्ये मी एकटीच मुलगी, नुकती इंजिनिअर झालेली. शाळा इंग्रजी, घरात कानडी मिसळलेली मराठी. भांडता मात्र एकाही भाषेत येत नव्हतं.

आमचे सीनियर बेळगावकडचे. इतरांशी ते कानडीत बोलत, माझ्याशी मुद्दाम मराठीत. टोमणा वाया जाऊ नये म्हणून असेल.

"काय गं अक्का," ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पाच घास खाणाऱ्या पोराला छत्तीस भाकऱ्या चारतीस होय?"

"सर, ड्रायव्हर करंट धरून ठेवतो. एक अँपिअरच्या वर जाऊच देत नाही."

"मोटर करणाऱ्यांपेक्षा तुला जास्त कळतंय की."

सगळे हसले. मराठी न कळणारेही हसले.

मला सांगायचं होतं ते आमच्या गल्लीतल्या नळासारखं होतं. पाण्याला जोर नसला की घागर भरायच्या आतच मागची बाई आपली घागर पुढे सारते. मोटर हळू फिरते तेव्हा कॉइलमध्ये करंट भरायला वेळ मिळतो; जोरात फिरायला लागली की कॉइल भरण्याआधीच पुढच्या कॉइलची पाळी येते आणि मोटरची ताकद जाते. म्हणून मागून जोर हवा, छत्तीस व्होल्टचा. आणि घागर काठोकाठ आली की नळ बंद करणारं कुणीतरी हवं. ते काम ड्रायव्हरचं, म्हणजे मोटरला करंट मोजून देणाऱ्या सर्किटचं. हे सगळं कुठल्या भाषेत सांगायचं ते ठरवेपर्यंत ते पुढचं बोलले.

"तुझं अक्षर चांगलं आहे की, कॉन्व्हेंटचं," ते म्हणाले. "तू मॅन्युअल लिही."

माझा ड्रायव्हर आणि सप्लाय बसवलेला पत्र्याचा डबा त्यांनी कपाटाखाली सरकवला. यंत्रात साधा ड्रायव्हर आणि पाच व्होल्टचा सप्लाय बसला. प्लॅस्टिकचा रोल न लावता, हळूहळू चालवून त्यांनी यंत्र पास केलं. एकदा ते जेवायला गेले असताना मी रद्दी रोल लावून पाहिला. स्पीडचं बटण निम्म्यापलीकडे गेलं की मोटर जागच्या जागी गुरगुरत होती. मी रोल काढून ठेवला आणि मॅन्युअल लिहायला बसले. मी एकदा सांगून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं कर्ज माझ्यावर नव्हतं.

यंत्राचा मुहूर्त आयुधपूजेचा, म्हणजे खंडेनवमीचा ठरला. त्या दिवशी आमच्याकडे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, मीटर, पिवळं पडलेलं जुनं सोल्डरिंग आयर्नसुद्धा देवीपुढे मांडत. एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही; नव्या यंत्राचं बटण तेवढं मुहूर्तापुरतं फिरवायचं. मालक याबाबतीत कडक होते. मी माझा डबा पुसला आणि त्या हत्यारांच्या रांगेत नेऊन ठेवला.

"आरती पण ओवाळ त्याला," सीनियर म्हणाले.

मालकांनी डब्यालाही कुंकू लावलं.

मग यशवंतपूरच्या बाजारातले कॉफीचे व्यापारी आपला छापील रोल घेऊन आले. प्रत्येक पाकिटावर मधोमध वाफाळणारा कप. सीनियरनी यंत्र हळू चालवलं. कप बरोबर मधोमध येत राहिले. व्यापारी खूश. मी प्रसादाचं ताट घेऊन मालकांच्या शेजारी उभी होते.

"सर," मी कानडीत हळूच म्हटलं, "यांना रोज लागेल त्या स्पीडला दाखवायचं का?"

"हो हो," मालक म्हणाले. "स्वल्प जोरात चालवा."

सीनियरनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटातल्या फुटाण्यांकडे पाहिलं.

बटण निम्म्यापलीकडे गेलं आणि मोटर गुरगुरली. प्लॅस्टिक अडकत, हिसके देत पुढे आलं आणि सुरी कपांवर पडू लागली. एका कपाचा कान तुटला, दुसऱ्याची नुसती वाफ उरली. व्यापाऱ्यांनी एक पाकीट उचललं.

"आमचे कप फोडायला आणलंत का आम्हाला?"

सीनियरचा हात स्क्रू ड्रायव्हरकडे गेला.

"अहो, पूजा झालीय," मालक म्हणाले. "आज काही उघडायचं नाही."

त्यामुळे त्यांना पॅनेल उघडून काहीतरी केल्यासारखंही करता येईना. हार घातलेल्या त्या यंत्राशेजारी ते उभे राहिले आणि प्रसादाला येणारा प्रत्येक जण विचारत राहिला, काय झालं म्हणून. मी त्यांच्यापुढे ताट धरलं.

"घ्या ना, सर."

घ्यावाच लागला.

दुसऱ्या दिवशी पूजा उतरल्यावर मालकांनी माझा डबा बसवायला सांगितला. कुंकू मी पुसलं नाही. करंट एक अँपिअरला लावला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. कप अख्खे, ओळीने येत राहिले. सीनियरनी मोटरवर तळवा ठेवला. चटका बसावा अशी त्यांची फार इच्छा असणार. ती कोमट होती, तरी त्यांनी हात बराच वेळ तिथेच ठेवला.

बेंच मला परत मिळालं. अर्धवट मॅन्युअल मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"उरलेलं तुम्ही लिहा, सर. तुमचं अक्षर चांगलं आहे की."

पॉवर सप्लायची निवड, एवढा मथळा घालून ते पान मी कोरं सोडलं होतं. दुपारी ते वही घेऊन माझ्या बेंचपाशी आले. मी त्यांना बसा म्हटलं नाही. कॉइलपासून सुरुवात केली, अगदी सावकाश, आणि मध्येच थांबून विचारलं, "लिहिलंत?"