कावळा शिवेना, माशी हलेना

आमच्या काकांनी माझा कॅमेरा जप्त केला, तो ते वारल्यानंतर दहाव्या दिवशी.

काका नव्वदीचे. झोपेतच गेले, त्यामुळं रडारड बेताची होती. दहावं तीर्थपुरीच्या पुढं गोदाकाठी होतं. मी जालन्याहून बायकोला घेऊन गेलो. (ती निघताना म्हणाली होती, "कॅमेरा घरी ठेवा, लोक काय म्हणतील?" म्हणून मी तो पंच्यात गुंडाळून नेला.)

मला माश्यांचे फोटो काढायचा नाद आहे. घरातल्या माशीचे नव्हे हो! रानात तऱ्हेतऱ्हेच्या माश्या असतात, काही तर चक्क मधमाशीचं सोंग घेऊन फिरतात. फोटोत पंखांच्या शिरा स्पष्ट आल्या तरच त्यांची जात ओळखता येते. हे सगळं मी एकदा सासुरवाडीत, जेवता जेवता, सविस्तर समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून तिथं माझं ताट वेगळ्या खोलीत वाढतात.

तर, पिंड मांडले, वर काकांच्या आवडीची भजी ठेवली आणि सगळे हात जोडून मागं सरकले. मीही सरकलो, पण पिंडाशेजारच्या रुईच्या झुडपाकडं. पानावर एक माशी बसली होती. सोनेरी पट्टे, टपोरे डोळे! जन्मात असली पाहिली नव्हती. मी झुडपाआड पालथा पडलो. पण बाईसाहेबांचे पंख मिटलेले.

"उघड गं माय," मी पुटपुटलो.

तिकडं कावळे आले, बाभळीवर बसले, पण खाली उतरेनात. काकांचा थोरला मुलगा दगडूदादा पुढं झाला.

"आबा, बांधाचं भांडण मिटवतो! कोर्टाची पायरी बिलकुल चढत न्हाई!"

कावळे ढिम्म.

"आबा, ताईला दिवाळीला आणतो! मनापासून आणतो!"

एका कावळ्यानं मान फिरवली. (दादाच्या 'मनापासून'वर त्याचाही विश्वास नसावा.)

ऊन चढलं. आचाऱ्याचा निरोपावर निरोप येऊ लागला. एक म्हातारबा कावले, "जल्दी आठवा रे, काय राह्यलं त्याचं! माझी शुगरची गोळी घ्यायची येळ झाली!"

"आबा, काय चुकलं हो आमचं?" म्हणत दादा खरोखरच रडायला लागला. मलाही फार वाईट वाटलं. पण नेमका तेव्हाच माशीनं एक पंख उघडला, आता काय करता!

इतक्यात माझ्या बायकोचा खणखणीत आवाज आला.

"मामंजी! तुमच्या पुतण्याचा माश्यांचा नाद मी सोडवते! घरी गेल्या गेल्या कॅमेरा कुलपात घालते!"

"अगं ए! काय बोलून राह्यली?" मी ताडकन उठलो आणि कॅमेरा छातीशी धरून तिच्याकडं पळत सुटलो. माझी पाठ फिरते न फिरते तोच मागं फडफड झाली. कावळा उतरला आणि भजं घेऊन गेला!

"शिवला! शिवला!" दादानं मला कडकडून मिठी मारली. "आबाचा जीव तुझ्यात अडकल्ता रे!"

"दादा, तसं न्हाई. मी तिथं आडवा पडलो होतो म्हणून तो..." एवढं बोललो आणि दादाच्या मागं उभी असलेली सगळी उपाशी भावकी मला दिसली.

"बराबर आहे दादा," मी म्हणालो. "माझ्यातच अडकला होता."

परतताना गाडीत बायको शांतपणे म्हणाली, "झुडपातून तुमचे पाय मला पहिल्यापासून दिसून राह्यले होते."

"मंग हाक का न्हाई मारली?"

"हाकेला तुम्ही कधी उठलात?"

कॅमेरा आता कपाटात आहे. किल्ली मागितली की ती म्हणते, "काकांना विचारा." कावळ्याच्या साक्षीनं दिलेला शब्द, त्यावर अपील कुठं करणार? म्हणून रोज सकाळी मी गच्चीवर पोळी ठेवतो, हात जोडतो आणि कावळ्याला अगदी अदबीनं विचारतो. तो पोळी उचलतो आणि काही न बोलता उडून जातो. माझ्या डोळ्यांत पाणी येतं. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणतात, "काकावर काय जीव आहे हो या माणसाचा!"