लाल धाग्याचं कारण

साहेबानं चिमट्यात धरलेला लाल धागा माझ्या बायकोच्या पदराला लावून पाहिला.

कापसातून सरकी काढणाऱ्या आमच्या जिनिंगच्या अंगणात कापूस निवडणाऱ्या बायांची रांग. साहेब एकेकीचा पदर उचलायचा, धागा जुळवायचा, पदर सोडायचा. सुमन लाल लुगडं नेसली होती. तिच्यापाशी तो थांबला. "जुळला," म्हणाला. तिनं पदर ओढून घेतला नाही. माझ्याकडं पाहिलं. मी साहेबाच्या मागं उभा होतो. टीममध्ये होतो ना.

सूतगिरणीनं आमच्या रुईच्या गाठी परत पाठवल्या होत्या. त्यात रंगीत धागे सापडले. कारण शोधायला मालकानं टीम केली. साहेब, दोन बाबू, मुकादम आणि मी, फिटर. आयुष्यात पहिल्यांदा मी केबिनमध्ये खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीचा मला किती आनंद झाला होता, हे लिहिताना लाज वाटते.

साहेबानं फळ्यावर माशाचा सांगाडा काढला. एकेका काट्यावर एकेक कारण. यंत्र, माल, माणूस. मग पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. पाचही 'का' माणसाच्याच काट्यावरून उतरत गेले आणि सुमनच्या लुगड्यापाशी थांबले. मालाचा काटा कोराच राहिला.

मालकाचा मेव्हणा घाटंजीकडून कापूस आणायचा. फाटक्या पोत्यांत, लाल दोऱ्यानं शिवलेल्या. ती रिकामी होताना मी रोज पाहत होतो. टीममधल्या सगळ्यांनीच पाहिली होती.

"एकमत पाहिजे," साहेब म्हणाला. बाकीच्यांचे हात वर गेले, माझा खालीच होता. "काय रे, बायकोचा मामला म्हणून गप्प? टीममध्ये नातं नसतं."

मुकादम हसला. "लुगडं घरी जाऊन पाह्य ना बापू. इथं हात वर कर."

मी हात वर केला.

उपाय म्हणून सुमनला कामावरून काढलं. कारण सापडलं, दूर केलं, असं सूतगिरणीला कळवलं.

घरी ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "धागा कुठचा हाय, तुमाले मालूम होतं. काहून नाही बोलले?"

साहेबाच्या पाच 'का'ची उत्तरं आम्ही दिली होती. तिच्या एका 'काहून'चं मला देता आलं नाही. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या जिनिंगमध्ये गेली, तर तिथल्या बायाच म्हणाल्या, "आली वं धागेवाली, लुगडे सांभाळा." ती हसली आणि माघारी आली. मग जन्मभर लोकांच्या वावरात कापूस वेचला. पुढच्या हंगामातही रुईत लाल धागे आले. तेव्हा कोणी मासा काढला नाही. मालकानं गुपचूप मेव्हण्याची पोती बदलली. सुमनला कोणी परत बोलावलं नाही. तिच्या मयतीतही मी ऐकलं, "ते धागेवाली काय?"

गेल्या महिन्यात जिनिंगनं मला बोलावलं. नव्या बायांचं प्रशिक्षण होतं. भिंतीवर तोच मासा. तरुण साहेब सांगत होता, "एका बाईच्या लुगड्यामुळं गाठी परत आल्या होत्या. टीमनं कारण शोधलं. हे काका त्या टीममध्ये होते." टाळ्या. कोणीतरी शाल घेऊन पुढं आलं.

मी शाल घेतली नाही.

"ते बाई माही बायको होती. धागा तिचा नव्हता, पोत्याचा होता. अन् मले ते मालूम होतं."

"काका, ती केस कधीच क्लोज झाली," तो हळूच म्हणाला आणि माईक काढून घेतला.

मागं बसलेली एक बाई उठली. "मंग आमचे पदर रोज कायले पाह्यता?"

तरुण साहेबानं चहाची सुट्टी सांगितली.

मला आता ते बोलावणार नाहीत. तरी हंगामभर मी जिनिंगच्या फाटकावर जाणार आहे. आधी पोती उघडा, म्हणून सांगणार आहे. हाकललं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. सुमनपर्यंत यातलं काही पोचणार नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्यादेखत आता एकाही बाईच्या पदराला हात लागणार नाही.