सागवानाची सोयरीक

दानियलकाका आमच्या दारावर टकटक करायचे ते दार उघडावं म्हणून नव्हे. दार सताड उघडं असलं तरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहून बोटाच्या पेराने फळीवर वाजवायचे. एकदा वर, एकदा कडीजवळ, एकदा खाली वाकून. मग मान तिरकी करून क्षणभर थांबायचे आणि "साग आहे, पण पाणी प्यायलेला," असं काहीतरी पुटपुटत आत यायचे. लग्न होऊन मी पनवेलला आले त्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला आणि सासूबाईंना विचारलं, "हे कोण?" भाजी निवडता निवडता मान वर न करता त्या म्हणाल्या, "वीज कंपनीचे. मीटर बघायला येतात. माणूस चांगला आहे, फक्त लाकूड दिसलं की त्यांना राहवत नाही."

ते आमच्या मागच्याच आळीत राहत. बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. मामंजींचे जुने स्नेही, त्यामुळे मीही त्यांची 'सूनबाई'. घरात ते आणि हन्नाकाकू दोघंच, दोन्ही मुलगे आधीच इस्राएलला गेलेले. आठवडाभर गावभर मीटर वाचत फिरणारा हा माणूस शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विश्रांतीच्या दिवशी, स्वतःच्या घरातल्या दिव्याचं बटणसुद्धा दाबत नसे. कोणी चेष्टा केली की म्हणायचे, "सहा दिवस मी विजेला मोजतो. एक दिवस तिलाही सुट्टी, मलाही." यातली खरी सुट्टी कोणाला, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी त्यावर खरोखर विचार केला. चेष्टेतल्या प्रश्नावरही विचार करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

आमची खरी ओळख जमली ती माझ्या गिटारमुळे. माहेरून मी दागिने बेताचे आणि गिटार मात्र भलीमोठी घेऊन आले होते. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती. त्या काळी तिचं फार वेड होतं. पण गणपतीच्या मांडवात तबला-पेटीच्या शेजारी बसले की माझा एक सूर कुणाला ऐकू येईल तर शपथ. म्हणून मी मुंबईहून पिकअप आणवला. तारांखाली बसवायचं लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेची कॉइल. तो रेडिओला जोडला, की आवाज मोठा. मोठा झालाही, पण गिटारपेक्षा घुंईऽऽ अशी घरघरच मोठी. नेमके त्या दिवशी काका मीटर बघायला आले.

"सूनबाई, ही म्हैस कुठे बांधली आहेस?"

मी रडवेली होऊन पिकअप दाखवला. ते जमिनीवर मांडी घालून बसले, मीटर राहिला बाजूला. म्हणाले, "कॉइल बिचारी भोळी आहे. तारेचं थरथरणं ऐकते आणि भिंतीतल्या विजेची घरघरही ऐकते. तिला दोन्ही सारखीच. हिला जोडीला दुसरी आणायला हवी, उलट्या अंगाने गुंडाळलेली, चुंबकही उलटा. मग घरघरीच्या बाबतीत दोघी एकमेकींचं खोडून काढतील आणि तारेच्या बाबतीत एकमत होईल. जावा-जावांचं बघत नाहीस का?" परदेशात याला हंबकर म्हणतात, हे त्यांनी कुठल्याशा रेडिओच्या मासिकात वाचलं होतं. हन्नाकाकूंच्या शिवणयंत्राच्या चाकावर त्यांनी दोन कॉइली गुंडाळल्या. काकूंची झबली आठवडाभर अडून राहिली, पण घरघर गेली. रेडिओतून फक्त गिटार आली तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आवाज जरा वाढवला की माझी पोकळ गिटार किंचाळायची. तेव्हा पोकळ नकोच, एका अखंड फळीची गिटार करू, असं काकांनी ठरवलं. आणि फळी म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं. फळी कशाची? आंब्याची, फणसाची, शिवणीची, शिसवाची? आणि त्या फळीला कॉइल कोणती? "वेढे जास्त दिले की आवाज जाड, मऊ. वेढे कमी दिले की स्वच्छ आणि टोकदार. आता लाकूड बोलकं असलं तर कॉइलने ऐकून घ्यावं. लाकूड अबोल असलं तर कॉइलने त्याला बोलतं करावं. दोघंही बोलकी निघाली तर घर चालत नाही. सोयरीक आहे ही, सूनबाई, पत्रिका बघून जमत नाही."

त्या वर्षअखेरीस ते आणि काकू मुलांकडे कायमचे जाणार होते. जाण्याआधी ही एक जोडी त्यांना जमवायची होती. एवढी घाई कशासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाले, "जन्म मोजण्यात गेला गं. आकडा बघायचा, लिहायचा, पुढचं घर. एक गोष्ट तरी मला नुसती कानाने करायची आहे." हे मात्र ते हसून म्हणाले नाहीत.

मग त्यांच्या शोधमोहिमा सुरू झाल्या. एकदा आम्ही सगळे उरणला एका लग्नाला गेलो होतो, तर हे गृहस्थ पंगत सोडून मोऱ्याच्या बंदरावर. मी आणि आमचे हे शोधायला गेलो, तेव्हा काका मोडायला काढलेल्या एका होडीवर टकटक करत होते आणि होडीचा मालक कमरेवर हात ठेवून बघत होता.

"सायेब, आत कोन रायत नाय. दार कशाला ठोकताव?"

"राहतं ना," काका म्हणाले. "आवाज राहतो. जुना साग आहे हा."

"माज्या बापाची होरी हाय ती. खारं पानी पिऊन पिऊन लोखंड झालीया." मग तो स्वतःच वाकला, पेराने वाजवून बघितलं आणि चक्रावल्यासारखा म्हणाला, "आयला, बोलते की!" पुढचा अर्धा तास दोघंही होडी ठोकत बसले. येताना लग्नाच्या लाडवांसोबत सागाची एक जाडजूड फळी पनवेलला आली.

सुताराकडून एकेक फळी तासून घ्यायची, तारा चढवायच्या, कॉइल बसवायची आणि मी वाजवायचं, असं सुरू झालं. आणि इथेच काहीतरी बिघडायला लागलं. आंबा काकांना अबोल वाटला. त्यांनी वेढे कमी केले. तरी अबोलच. आणखी कमी केले. मग फणस आणला, तोही मुका. शिसव तर खणखणीत लाकूड, तेसुद्धा त्यांच्या मते "तोंडात गुळणी धरून बसलेलं". दर वेळी कॉइल हलकी होत गेली आणि माझ्या कानांत सूर सुईसारखा टोचायला लागला. वरच्या पट्टीत गेलं की आमचे हे कपाळाला आठ्या घालून ओट्यावर जाऊन बसायचे. सासूबाई म्हणाल्या, "पातेलं खरवडल्यासारखं काय गं ते?" आणि काका मात्र रेडिओला कान लावून म्हणायचे, "अजून उघडत नाही. लाकूड दगा देतंय."

त्याचा उलगडा कर्नाळ्याला झाला. शिवणीचं वाळकं खोड बघायला म्हणून आम्ही किल्ल्याच्या पायथ्याच्या रानात गेलो होतो. काका झाडामागून झाड ठोकत पुढे, मी आणि हन्नाकाकू मागे. आमच्या डोक्यावर, हात वर केला तर लागेल इतक्या जवळच्या फांदीवर, अंगठ्याएवढा एक पक्षी बारीक शीळ घालत होता. थांबतच नव्हता. काका त्याच्या खाली उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आज रान कसं गप्प आहे नाही? पाखरं गेली कुठे?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली.

परतताना त्या माझ्याजवळ हळूच म्हणाल्या, "वर्ष झालं. मी यांच्या मागून चालते, मुद्दाम बांगड्या वाजवते. वळून बघत नाहीत. जाड आवाज सगळे येतात, बारीक येत नाहीत. मी कशी सांगू? कानाचा एवढा अभिमान."

मलाही सांगवेना. पण न सांगावं तर हा माणूस एकामागून एक लाकडांना दोष देत राहणार आणि हातात एक किंचाळणारी फळी घेऊन देश सोडणार. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "काका, लाकडं मुकी नाहीत. वरचे सूर तुम्हाला ऐकू येत नाहीत. काल तो पक्षी तुमच्या डोक्यावर ओरडत होता."

शिवणयंत्र थांबलं. काकांनी काकूंकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच त्यांना कळलं, की हे घरात आधीपासून ठाऊक आहे. ते बोटांची पेरं चोळत बसले. मला वाटलं, आता हे मला घराबाहेर काढणार. तेवढ्यात ते उठले आणि स्वयंपाकघरातून चमचे, वाट्या, पितळी तांब्या, माझ्या देव्हाऱ्यात शोभेल अशी एक छोटी घंटा, जे जे वाजतं ते सगळं घेऊन आले. भिंतीकडे तोंड करून बसले. "वाजव. जाडापासून बारीकाकडे. मी हात वर करेन."

मी वाजवत गेले. तांब्याला हात वर. मोठ्या वाटीला वर. लहान वाटीला जरा उशिराने. चमच्याला हात मांडीवरच राहिला. घंटा मी तीनदा वाजवली, आणि ते भिंतीकडे बघत वाट पाहत होते. हन्नाकाकू पदर तोंडात धरून रडत होत्या. काका मात्र वळले ते डोळे चमकवत. "अस्सं! म्हणजे लहान वाटीनंतर माझं दुकान बंद. काय गंमत आहे बघ. मला वाटत होतं, गावच गप्प होत चाललंय." मग हलक्या आवाजात म्हणाले, "शिसवाला उगीच बोललो मी."

पण जोडी अजून जमायची होती आणि दिवस थोडे उरले होते. त्यांनी कामाची वाटणी केली. वरचे सूर माझ्या कानांचे, खालचे त्यांचे. खालचे ते कानाने कमी आणि दातांनी जास्त ऐकत. गिटारची कड चक्क दातांत धरायची आणि म्हणायचं, "वाजव." सासूबाईंनी एकदा हे दृश्य पाहिलं आणि त्या सरळ चहा ठेवायला गेल्या. सगळ्या फळ्या पुन्हा चढवल्या. शिसवाला जाड कॉइल दिली, तेव्हा ते सुरेख बोललं. पण मोऱ्याच्या सागावर काकांचा जीव होता. ते वेढे वाढवत जायचे, मी "अजून टोचतोय" म्हणायची, ते सगळी तार उकलून पुन्हा गुंडाळायला बसायचे. कधी माझं ऐकून वाद घालावासा वाटला, तरी गिळायचे. ज्या माणसाला एक गोष्ट फक्त स्वतःच्या कानाने करायची होती, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मला त्यांची दया नाही आली. मला त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की बस्स.

जाण्याच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे मलिदा होता. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताचं नाव घेऊन पोहे, खोबरं, साखर आणि फळांचं मोठं ताट मांडलं होतं. प्रार्थना झाली, प्रसाद वाटला, आणि मग काकांनी मला खूण केली. सागाची गिटार मी मांडीवर घेतली. तिच्या कॉइली त्यांनी शुक्रवारीच बसवल्या होत्या, कारण आदला दिवस शनिवार. घर माणसांनी भरलेलं. मला वाटलं, काका शेजारी बसून कड दातांत धरतील. ते समोरच्या भिंतीशी, हन्नाकाकूंच्या अगदी पुढ्यात जाऊन बसले आणि पूर्ण वेळ एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ते काकूंकडे बघत होते. शेवटी कांडी वर वर सरकवत मी सगळ्यात बारीक सुरावर नेली, तेव्हा काकूंनी डोळे मिटले. आमचे हेही ओट्यावर गेले नाहीत.

त्यानंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. चारच दिवसांनी त्यांचं जहाज होतं. पण त्या दिवशी माणसं पांगल्यावर ते माझ्याजवळ आले आणि मीटर वाचताना कधी नसेल इतक्या उत्सुकतेने विचारलं, "सूनबाई, ते शेवटचं वरचं. कसं आहे गं ते? टोचतं?"

"नाही काका. बारीक आहे, पण टोचत नाही."

"तुटतं की विरतं?"

"विरतं."

"कितीसा वेळ राहतं?"

मला मोजून सांगता येईना. मी म्हटलं, "काकूंनी डोळे उघडले ना, तोपर्यंत होतं."

काकांचा सगळा चेहरा हसला. "मग मी पाहिलं की ते," ते म्हणाले.