पेनानं लिहिलेलं कार्ड

मार्लीन कुचेरा एकतीस वर्षं आमच्या बूथची रिपब्लिकन प्रतिनिधी होती. पगार शून्य, मान बेताचा, आणि पायपीट टपालवाल्याहून जास्त. दर निवडणुकीआधी ती एकशे नव्वद घरांच्या घंट्या वाजवायची. प्रत्येक घराचं एक कार्ड, आणि ती सगळी कार्डं बुटांच्या खोक्यात. कार्डावर 'आपले', 'त्यांचे' किंवा नुसतं प्रश्नचिन्ह. लिहायचं ते पेन्सिलीनं, कारण माणसांचा भरवसा नाही, असं ती म्हणायची. पेनानं लिहिलेलं कार्ड एकच होतं, तिच्या स्वतःच्या घराचं. कुचेरा, दोन मतं, आपले.

मी तिच्या समोरच्या घरात राहते आणि मतदानाच्या दिवशी चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रात डेमोक्रॅटांच्या बाजूनं टेबलाशी बसते. मी पहिल्यांदा बसले तेव्हा शंभरातली सत्तर मतं मार्लीनच्या पक्षाची असायची. मग मक्याच्या शेतांवर घरं उठली, शिकागोहून माणसं आली, जुन्यांची मुलं शिकून वेगळं बोलायला लागली. आता निम्मे निम्मे. तिची खोडरबरं माझ्यादेखत झिजली.

"तुमची गर्दी वाढली आणि पार्किंग गेलं," ती मला म्हणायची.

"तुझे घटले म्हणून तेवढं तरी मिळतंय," मी म्हणायची. आमचं भांडण याच्यापुढे कधी गेलं नाही.

या मार्चमधल्या पक्षांतर्गत निवडणुकीत पहिल्यांदाच तिच्याविरुद्ध कुणी उभं राहिलं. नव्या गल्लीतला दातांचा डॉक्टर, हॅल्वर्सन. प्रतिनिधी निवडायचा तो त्या पक्षाची मतपत्रिका मागणाऱ्यांनीच. मार्लीननं कार्डं तीनदा मोजली.

"एक्केचाळीस पक्के. त्याचेही जवळपास तेवढेच," ती म्हणाली. "हरले तर काय करू गं मी? मला विणकामसुद्धा येत नाही."

हसत म्हणाली, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत कुणाला मत दिलं हे कुणी विचारत नाही. मार्चचं तसं नाही. टेबलापाशी येऊन कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडानं सांगावं लागतं, आणि आम्ही ते नावासकट मोठ्यानं उच्चारतो. उमेदवारांनी मात्र बाहेर, रस्त्यावरच्या खुणेपलीकडे उभं राहायचं. मार्लीन सकाळी सहापासून तिथे थंडीत उभी होती.

दहा वाजता तिचा नवरा लॅड आला. बसच्या गॅरेजात हयात घालवलेला माणूस, बोलणं मोजकंच. मी रिपब्लिकन गठ्ठ्यावर हात ठेवूनच विचारलं, "कुठली देऊ, लॅड?"

त्यानं माझ्या हाताखालच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"तुमची."

"चेष्टा नको रे, मागे रांग आहे."

"चेष्टा नाही. डेमोक्रॅट."

नियम म्हणजे नियम. मी त्याचं नाव आणि पक्ष उच्चारला, नेहमीपेक्षा जरा हळू. शेजारी बसलेला रिपब्लिकन गृहस्थ स्टेपलर निरखायला लागला.

संध्याकाळी सातला केंद्र बंद झालं आणि मोजणीयंत्रातून निघालेली निकालाची पट्टी दारावर लागली. हॅल्वर्सन एक्केचाळीस, कुचेरा चाळीस. मार्लीननं आकड्यावर बोट ठेवलं.

"चाळीस? कोण फुटलं?"

मी खुर्च्या मिटत राहिले. लॅड तिला न्यायला आला होता, हातात गाडीची किल्ली.

"मी," तो म्हणाला.

"लॅड, आत्ता नको हं."

"नोव्हेंबरात बारा वर्षं तिकडेच देतोय. मार्चमध्ये तुझ्यासाठी इकडची घ्यायचो."

"मग आज काय झालं?"

"ही दर मार्चला विचारते, कुठली देऊ. आज वाटलं, घरात हे आपल्याला कधी कुणी विचारलं नाही. एकशे नव्वद घंट्या वाजवतेस, मार्लीन. आपली नाही वाजवलीस."

"आपल्याच घराची घंटी कशाला वाजवायची?"

लॅड गाडी काढायला बाहेर गेला. मला फार वाईट वाटलं. आमचं एक मत वाढलं होतं, पण त्याचा आनंद काही होईना.

दुसऱ्या दिवशी मी तिची समजूत घालायला गेले. लॅडनं तुला मत दिलं असतं तरी बरोबरी होऊन चिठ्ठ्याच टाकाव्या लागल्या असत्या, कदाचित तेव्हाही हरली असतीस, असं म्हटलं.

"चिठ्ठीनं हरले असते तर रात्री झोप लागली असती," ती म्हणाली.

खोकं तिनं हॅल्वर्सनला देऊ केलं होतं. त्यानं नको म्हटलं, त्याचं सगळं फोनमध्ये आहे. मग तिनं खोक्यातून एक कार्ड काढून मला दाखवलं. पेनाची शाई रबरानं जाईना, घासून घासून कार्डाला भोक पडलं होतं.

शनिवारी सकाळी मी दारातला कचरा काढत होते. मार्लीन मागच्या दारानं बाहेर पडली, गॅरेजला वळसा घालून स्वतःच्याच पुढच्या पायरीवर येऊन उभी राहिली. अंगात प्रचाराचा कोट, हातात कोरं कार्ड आणि पेन्सिल. तिनं घंटी वाजवली.

लॅडनं सपाता घालूनच दार उघडलं.

"मिस्टर कुचेरा," ती म्हणाली, "दोन मिनिटं आहेत का?"

लॅड दारातून बाजूला झाला.

"दोन मिनिटांत नाही भागायचं," तो म्हणाला. "आत ये."