नूरबानोचं पाण्यातलं घड्याळ

"ओरडणं बंद," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर आवाज कायमचा बसेल."

पोहायला शिकवणाऱ्या बाईने ओरडायचं नाही म्हणजे करायचं काय, हे काही त्यांनी सांगितलं नाही. नाशिकच्या एका तरण तलावावर सकाळची लेडीज बॅच नूरबानो वर्षानुवर्षं घेत होती. येणाऱ्या बहुतेक चाळिशी उलटलेल्या. लहानपणी कुणी पाण्यात उतरू दिलं नव्हतं, आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरच्यांनी धाडलेल्या. नूरबानोचं उलट होतं. तिचे अब्बा लासलगावच्या कांदा मार्केटात मापारी. ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीत त्यांनी तिला पाठीला पत्र्याचा डबा बांधून सोडलं आणि थोड्याच दिवसांत डबाही सुटला. पाण्याची भीती काय असते, हे तिला दुसऱ्यांना शिकवायला लागल्यावरच कळलं.

पहिला धडा दम धरण्याचा. बाईने तोंड पाण्यात घालायचं आणि नूरबानोने काठावरून आकडे मोजायचे. पण कान बुडाले की आकडे ऐकू यायचे नाहीत, म्हणून ती आणखी जोराने मोजायची. घसा गेला तो त्यातच.

मुलीने, माहेनूरने, आपलं स्मार्टवॉच देऊन पाहिलं. ओल्या बोटांना त्याची काच दाद देईना. मग फोनवर शोधता शोधता नूरबानोला एक घड्याळ दिसलं. पुण्यातले दोघे बहीणभाऊ खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्यांसाठी मोजकीच घड्याळं बनवत होते. जाड काच, काळी तबकडी, भोवती फिरणारी कडी आणि ठसठशीत नारिंगी सेकंदकाटा.

"हे पुरुषांचं आहे," नियाज म्हणाला. तिच्या ह्या नवऱ्याचं नाशिकच्याच द्वारका चौकात गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान. रंगरूपाबद्दल त्याची मतं ठाम असत. "मनगटावर वाटी ठेवल्यासारखं दिसेल."

"दिसायलाच तर पाहिजे," नूरबानो कुजबुजली, आणि तिने ऑर्डर टाकली.

पार्सल आलं, त्यात निघालं नाजूक, मोतिया तबकडीचं दुसरंच घड्याळ. तिने फोन लावला. पलीकडे त्या भावंडांतला राज होता.

"मॅडम, तुमचं नाव बघून आम्ही लेडीज मॉडेल पाठवलं. हे जरा महाग आहे, पण जास्तीचे पैसे नकोत."

"बाळा, मी हे घालून लग्नाला नाही जाणार. पाण्याखाली दुसऱ्या बाईच्या डोळ्यांसमोर धरणार आहे. ह्या मोत्यावर काटा शोधताना तिचा दम संपेल."

राज म्हणाला, "चूक झाली. डोळ्यांसमोर म्हणजे किती लांब धरणार?"

"वीतभर."

"मग काळंच बरोबर. मी घेऊन येतो."

आणि तो खरंच आला. आईला त्र्यंबकेश्वरला न्यायचं होतंच, वाटेत तलावाशी थांबला. बायकांच्या वेळेत पुरुषांना आत सोडत नाहीत, त्यामुळे अदलाबदल गेटवरच झाली. पट्टा शेवटच्या भोकालाही सैल पडत होता. राजने गाडीतून टोच्या आणला, पायरीवर बसून आणखी दोन भोकं पाडली. गाडीतून आई हाका मारत होती, तरी तो हलला नाही.

"आता कडी फिरवून बघा. हात ओलेच राहू द्या."

कडी कट् कट् करत फिरली. नूरबानोने पोहण्याच्या पोशाखाच्या ओल्या बाहीवरूनच घड्याळ बांधलं आणि आत गेली.

आत सरिता कठडा धरून उभी होती. तिचं पोळीभाजी केंद्र होतं. पंचवीस जणांचा स्वयंपाक हसत उरकणारी बाई, पण पाण्यात तोंड घातलं की लगेच वर यायची. गॉगल लावायची आणि त्याच्या आतही डोळे मिटून घ्यायची.

नूरबानोने तिचा हात धरला आणि घड्याळ पाण्याखाली नेलं. "डोळे उघडे ठेव. नारिंगी काटा वरून निघाला की खाली येईपर्यंत बघत राहा. मी काही बोलणार नाही."

सरिता बुडी मारून तशीच वर आली. "दिसलाच नाही हो!"

"मिटल्या डोळ्यांना कसा दिसेल?"

बायका हसल्या. सरिताही हसली आणि पुन्हा खाली गेली. काटा खाली आला. ती उठली नाही. काटा डाव्या बाजूने वर चढायला लागला तशी नूरबानोच घाबरली आणि तिने तिचा खांदा थोपटला.

सरिता पाणी निथळत वर आली. "का उठवलंत? पुरा फिरू द्यायचा होता की!"

नूरबानोचा आवाज काही पूर्ववत झाला नाही, खरखर राहिलीच. पण आता ती बोलायला लागली की बायकाच एकमेकींना गप्प करतात. राजने जाहिरातीसाठी तलावातले फोटो मागितले, तेव्हा तिने साफ नाही म्हटलं. बायका इथे निवांतपणासाठी येतात, असं सांगितलं. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

महिना संपता संपता सरिताने कठडा सोडला. वेडीवाकडी, दोनदा पाणी पीत, पण तलावाची रुंदी तिने पार केली. पलीकडे पोचून बराच वेळ खोकत राहिली. नूरबानो तिला आणायला निघाली होती, तेवढ्यात सरिताने लांबूनच हात हलवून तिला थांबवलं आणि पायाने भिंत ढकलून परत यायला निघाली.